दुभंगलेल्या ओठांची मुले

मूल जन्माला आले की आपल्याकडे दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, मुलगा की मुलगी. आणि दुसरा, गेले कोणावर? परंतु वरचा ओठ नाकपुडीपर्यंत चिरलेला घेऊन जे मूल येते, त्याच्या बाबतीत हा दुसरा प्रश्न कोणी विचारीत नाही. सुईण गप्प होते, घरातली थोरली बाई बाळाच्या तोंडावर फडक्याचे टोक ओढते, आणि बाळंतिणीला मूल आता दाखवायचे की उद्या, याची कुजबूज माजघरात सुरू होते. पाचवीच्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचे नशीब लिहून जाते अशी समजूत आहे. या मुलाच्या बाबतीत तिने पाचवीची वाट पाहिली नाही, आणि कपाळ सोडून ओठावरच लिहिले, असे लोक धरून चालतात.

इतिहासावरचे व्याख्यान म्हटले की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे गडकोट, स्वाऱ्या आणि तहनामे उभे राहतात. त्या मानाने आमचा आजचा विषय किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु दर सातशे ते हजार जन्मांमागे एक मूल असा ओठ, अशी टाळू, किंवा दोन्ही दुभंगलेली घेऊन येते, आणि हे प्रमाण थोड्याफार फरकाने साऱ्या जगात आहे. राजे बदलले, राज्ये बदलली, हे प्रमाण फारसे बदलले नाही. अशा मुलांना ज्यांनी हात दिला त्यांचाही एक इतिहास आहे, त्यातले एक पान आपल्या पुण्याच्या परिसरातच लिहिले गेले आहे, आणि ते वाचावयाचे तर देहूरोडइतकी योग्य जागा दुसरी नाही असे आम्हांस वाटते.

याचे कारण या वस्तीच्या घडणीत आहे. देहू हे गाव इंद्रायणीच्या काठी. आणि त्या गावाकडे जाणारा रस्ता जेथे आगगाडीच्या मार्गाला येऊन मिळतो ते देहूरोड. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास येथे लष्कराचे दारूगोळ्याचे डेपो आले, त्यांच्यामागून कामगार आले, तमिळ, तेलुगू, मल्याळी, पंजाबी अशी घरे मराठी घरांच्या शेजारी उभी राहिली. १९५४ च्या २५ डिसेंबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते येथील विहारात बुद्धमूर्तीची स्थापना झाली, हे येथील प्रत्येकास ठाऊक आहे. एका अंगाला किन्हई, चिंचोली, शेलारवाडी, मामुर्डी. पलीकडे सारा मावळ. आणि पंचवीसएक किलोमीटरवर पुणे, जेथे डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिलेले इस्पितळ १८६७ पासून आहे. म्हणजे ज्या गावात मूल जन्मते ते गाव आणि ज्या शहरात त्याच्यावर इलाज होऊ शकतो ते शहर, या दोहोंच्या बरोबर मध्ये आपण बसलो आहो. हे पंचवीस किलोमीटर ओलांडावयास कित्येकांस पंचवीस वर्षे का लागली, हाच आमच्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

आरंभ दोषारोपापासून केला पाहिजे, कारण मुलाच्या आईच्या वाट्याला औषधाच्या आधी तोच येतो. गर्भारशीने ग्रहणात विळी हाती धरली, भाजी चिरली, म्हणून बाळाचा ओठ चिरला, ही समजूत महाराष्ट्रात घरोघर आहे. ती केवळ आपलीच आहे असे मात्र नव्हे. अटलांटिक महासागराच्या पलीकडे मेक्सिकोतही ग्रहणाने बाळाचा ओठ तुटतो असे मानीत आले आहेत. चंद्राचा जसा लचका तुटतो तसा बाळाच्या तोंडाचा तुटतो, असा त्यांचा तर्क. फरक एवढाच की, तेथे गर्भारशीने किल्ली किंवा टाचणी असे काहीतरी लोखंड अंगाशी बाळगावयाचे, आणि येथे तिने लोखंडाला शिवावयाचे नाही! एकाच दुखण्यावर एकमेकांच्या उलट असे दोन तोडगे ज्या अर्थी सारख्याच श्रद्धेने चालतात, त्या अर्थी त्या दोहोंचा दुखण्याशी संबंध किती, हे सूज्ञांस सांगणे नलगे.

खरी गोष्ट अशी आहे. गर्भाचा चेहरा अखंड असा उगवत नाही. तो तुकड्यातुकड्यांनी येतो आणि मग सांधला जातो. मधला एक भाग वरून खाली उतरतो, दोन बाजूंचे भाग त्याला येऊन मिळतात, आणि चौथ्या ते सातव्या आठवड्याच्या दरम्यान वरचा ओठ पुरा होतो. टाळूचे दोन पडदे त्यानंतर एकमेकांजवळ येतात आणि तिसरा महिना संपण्याच्या आत मिटतात. आपणा प्रत्येकाच्या नाकाखाली जी लहानशी पन्हळ असते, तिच्या दोन्ही कडा म्हणजे त्या सांध्याची खूण होय. सांधा जुळला नाही तर फट राहते. बहुधा एका बाजूला, आणि तीही उजवीपेक्षा डावीकडे अधिक वेळा. ओठाचा दोष मुलग्यांत जास्त, आणि ओठ धड असून नुसती टाळू उघडी राहण्याचा दोष मुलींत जास्त आढळतो. काही अंश आनुवंशिक असतो. एक मूल असे झाले तर पुढचे तसे होण्याचा संभव शंभरात तीन ते पाच. आईचे धूम्रपान, फेफऱ्यावरची काही औषधे, यांनी धोका वाढतो. पण पुष्कळदा एकच एक कारण दाखविता येत नाही. आणि मुख्य मुद्दा हा की, हा सांधा ज्या दिवसांत जुळावयाचा, त्या दिवसांत आपल्याला दिवस गेले आहेत याची बाईला पुष्कळदा खात्रीसुद्धा नसते. सातव्या महिन्यात लागलेले ग्रहण दुसऱ्या महिन्यात पुरा झालेला ओठ कसा चिरणार? तरीसुद्धा सासरच्या ओसरीवर जो निवाडा होतो त्यात आरोपी एकटी तीच असते. ग्रहण पाळण्याचे काम तिचे होते ना!

आता या मुलाची पहिली लढाई पाहू. लोकांस वाटते की प्रश्न रूपाचा आहे. तो पुढचा. पहिला प्रश्न दुधाचा आहे. नुसता ओठ दुभंगला असेल तर बहुतेक बाळे थोड्या खटपटीने अंगावर पितात. टाळू उघडी असेल तर मात्र तोंडात ओढ निर्माण होत नाही. बोटाने छिद्र न झाकता नळीतून पाणी ओढू पाहावे तसे होते. बाळ चोखते, दमते, झोपते. अर्ध्या तासाने उपाशी उठून पुन्हा रडते. जे दूध तोंडात जाते त्यातले काही नाकावाटे बाहेर येते, आणि चुकून श्वासनलिकेत उतरले तर छातीत कफ होऊन ज्वर येतो. ‘पोराला दूध मानवत नाही’ असे म्हणून मग साखरेचे पाणी दिले जाते. महिन्या दीड महिन्यात बाळ सुकून जाते. ओठ फाटका म्हणून कोणी मेले नाही. उपासाने आणि न्यूमोनियाने मेले. गावात मात्र त्याची नोंद ‘देवाने सोडविले’ अशी होते.

यावरचा उपाय शहरातून आणावा लागत नाही, हे आम्हांस येथे मुद्दाम सांगावयाचे आहे. आपल्या घरांतून बोंडले नावाचे एक लहानसे भांडे असे. चांदीचे, नाहीतर पितळेचे, पन्हळीसारख्या निमुळत्या चोचीचे. आजीने नातवंडाला गुटी पाजावी ती याने. दक्षिणेत याच भांड्याला पालडै म्हणतात. आज मोठमोठ्या इस्पितळांतले बालरोगतज्ज्ञ कमी दिवसांच्या आणि अशक्त बाळांना दूध पाजण्यासाठी याच भांड्याची शिफारस करतात. आईने आपले दूध स्वच्छ वाटीत काढावे, बाळाला आडवे न निजवता डोके चांगले वर राहील असे मांडीवर धरावे, बोंडल्याची चोच गालाच्या आतल्या बाजूस टेकवून थोडे थोडे दूध सोडावे, गिळू द्यावे, मध्येच खांद्यावर घेऊन ढेकर काढावा. एवढे केले, आणि भांडे दर वेळी उकळून घेतले, की टाळू उघडी असलेले बाळही वजन धरते. अवघड काही नाही. पण हे सांगणारे माणूस पहिल्या दोन दिवसांत आईजवळ पोहोचले पाहिजे. आडवे पाडून, नाक दाबून, बळेच दूध ओतण्याची जी रीत काही घरांत आहे, ती या बाळांच्या बाबतीत जीवघेणी ठरते.

दूध पोटात जाऊन बाळ जगले, की मग शस्त्राचा प्रश्न येतो. आणि येथे आपल्या पूर्वजांची आठवण केल्यावाचून पुढे जाता येणार नाही. सुश्रुताने तुटलेल्या कानाच्या पाळ्या जोडण्याचे पंधरा प्रकार सांगितले, गालाचे कातडे घेऊन नाक कसे करावे ते सांगितले, आणि ओठ जोडावयाचा असेल तर रीत नाकाचीच, फक्त नाकपुडीत घालावयाच्या नळ्या तेवढ्या नकोत, असे एका वाक्यात सांगून टाकले. वाग्भटाने अष्टांगहृदयात ओठाच्या रोगांमध्ये ‘खण्डौष्ठ’ हा एक रोग निराळा दिला आहे. वाताने ओठाचे दोन भाग होतात, असे तो म्हणतो. कारण त्याने वाताकडे दिले; जन्माचा उल्लेख नाही. पण उपाय पाहा: दोन्ही कडा खरवडाव्यात, शिवाव्यात, आणि पुढे जखमेसारखे उपचार करावेत. ‘खरवडाव्यात’ हा शब्द महत्त्वाचा. धड कातडीला धड कातडी नुसती टेकवून शिवली तर ती कधी मिळत नाही. रक्ताळलेली कड रक्ताळलेल्या कडेलाच मिळते. आजचा सर्जन कितीही सुंदर रेषा आखो, हे तत्त्व त्याला सोडता येत नाही. चीनमध्येही चौथ्या शतकात वेई युंग-ची नावाच्या एका गरीब तरुणाचा ओठ असाच कापून शिवल्याची हकीकत त्यांच्या बखरीत आहे. वैद्याने त्याला बजावले की शंभर दिवस पेज पिऊन राहावे लागेल, हसावयाचे नाही, बोलावयाचे नाही. त्याने ते केले, आणि पुढे तो मोठ्या अधिकाराला चढला.

आता पुण्याचे पान. १७९२ च्या टिपूवरील मोहिमेत इंग्रजांच्या फौजेबरोबर कावसजी नावाचा एक बैल हाकणारा होता. तो टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापून त्याला सोडून देण्यात आले. वर्षभर तो तसाच हिंडला. मग पुण्याजवळच्या एका विटा भाजणाऱ्या जातीच्या माणसाने, म्हणजे आपल्या भाषेत एका कुंभाराने, त्याला नवे नाक करून दिले. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज डॉक्टरांनी हे काम डोळ्यांनी पाहिले. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ च्या अंकात त्याची हकीकत चित्रासह छापून आली. ती वाचताना आजही मौज वाटते. कुंभाराने आधी मेणाचे पातळ नाक करून चेहऱ्यावर बसवून पाहिले. मग तेच मेण सपाट करून कपाळावर ठेवले आणि त्याच्या कडेने रेघ मारली. तेवढे कातडे सोडविले, पण दोन डोळ्यांच्या मध्ये एक पट्टी तशीच ठेवली, म्हणजे तिच्यातून रक्त चालू राहील. कातडे उलटवून नाकाच्या जागी बसविले, काताचा लेप लावलेल्या चिंध्यांनी ते धरून ठेवले, पुढे तुपात भिजवलेले फडके. पाच-सहा दिवस उताणे निजावयाचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या मोकळ्या राहाव्यात म्हणून मऊ कापडाच्या वळ्या. पंचवीस दिवसांनी मधली पट्टी कापून टाकावयाची.

लंडनच्या जोसेफ कार्प्यू या सर्जनने ती हकीकत वाचून अनेक वर्षे विचार केला, आणि १८१४ मध्ये तशी शस्त्रक्रिया तिकडे प्रथम केली. त्याचे पुस्तक १८१६ साली निघाले. युरोपातल्या अर्वाचीन प्लॅस्टिक सर्जरीचा आरंभ पुष्कळ जण तेथून मोजतात. चित्रकाराचे नाव राहिले, मासिकाचे राहिले, पाहणाऱ्या डॉक्टरांची राहिली, इतकेच काय, नाक गेलेल्या बैलवाल्याचेही राहिले. ज्याने नाक केले त्याचे नाव मात्र कोणी विचारून ठेवले नाही. आपल्याकडच्या कारागिरांच्या इतिहासात हे पुष्कळदा असेच घडले आहे, असो.

पण मग मनात येते की, ज्या मुलखात नाक करणारे हात होते, त्या मुलखातली ओठ फाटलेली मुले तशीच का वाढली? याचे उत्तर कौशल्यात नाही, वयात आहे. कावसजी मोठा माणूस होता. तो दात आवळून पडून राहिला. १८१९ साली पॅरिसमध्ये रू या सर्जनने जॉन स्टीफनसन नावाच्या, कॅनडातून शिकावयास आलेल्या विद्यार्थ्याची टाळू भूल न देता शिवली. तोही तरुण होता, स्वतः वैद्यकाचा विद्यार्थी होता, आणि पुढे माँट्रिअलला वैद्यकीय शिक्षणाचा पाया घालणाऱ्यांपैकी एक झाला. तान्ह्या मुलाला कोण सांगणार, तोंड उघडे ठेव आणि हलू नकोस? १८४६ मध्ये ईथर आले, १८४७ मध्ये क्लोरोफॉर्म आले, तरी अडचण पुरती सुटली नाही. भूल द्यावयाची ती तोंडा-नाकावर फडके धरून, आणि शस्त्र चालवावयाचे तेही तोंडा-नाकावरच. सर्जन आणि भूल देणारा एकाच वीतभर जागेसाठी भांडत. शिवाय रक्त घशात उतरण्याचे भय. ही अडचण सुटली ती श्वासनलिकेत नळी घालून तिच्यातून भूल देण्याची रीत पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडात पक्की झाल्यावर. आणि लहान बाळांच्या बाबतीत १९३७ साली फिलिप एअर या न्यूकॅसलच्या भूलतज्ज्ञाने एक अगदी साधी, झडपा नसलेली, इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची नळी काढल्यावर. बाळाला श्वास ओढण्यास जोर लागत नाही, ही तिची खुबी. या एअरसाहेबांचा स्वतःचा ओठ आणि टाळू जन्मतः दुभंगलेली होती.

स्वातंत्र्यानंतर ही विद्या आपल्याकडे पुन्हा रुजू लागली, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी प्लॅस्टिक सर्जरीचा जो विभाग उभा केला तो देशातल्या अगदी पहिल्यांपैकी. ओठ व टाळूच्या दोषांचे त्यांनी केलेले वर्गीकरण ‘नागपूर वर्गीकरण’ या नावाने ओळखले जाते: पहिला गट ओठाचा, दुसरा टाळूचा, तिसरा दोहोंचा, इतके सरळ की नव्या विद्यार्थ्याने एकदा ऐकून लक्षात ठेवावे. मुंबईला जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंतिया होते. विलायतेहून परतल्यावर त्यांनी आपल्या पुण्याच्या कोंढव्याला कुष्ठरोग्यांची बसलेली नाके आणि वाकडी झालेली बोटे सुधारण्याचे काम केले होते. पुढे याच माणसाच्या मनाने निराळेच वळण घेतले. शहरातल्या शस्त्रक्रियागृहात बसून खेड्यातला रोगी बरा होत नाही, असे ठरवून त्यांनी मांडव्याच्या परिसरात आणि नंतर पुरंदर तालुक्यातल्या परिंचे येथे गावच्याच, थोड्या शिकलेल्या बायकांना आरोग्याचे काम शिकविले. इतक्या नाजूक शस्त्रविद्येचा जाणकार असे म्हणतो तेव्हा त्याचे वजन निराळे असते.

कारण सत्तर सालापर्यंत पाहिले तर चित्र असे दिसते: शहरात सर्जन आहे, खाट आहे, आणि सरकारी इस्पितळात पैसाही फारसा लागत नाही; पण मावळातले मूल तेथे पोहोचत नाही. बाप रोजावर जातो. आई गेली तर घरची म्हातारी माणसे आणि दुसरी पोरे कोणी पाहावयाची? लोणावळा–पुणे लोकल १९७८ साली सुरू झाली. त्यापूर्वीचा प्रवास निराळाच. शहरात एकदा गेले की ‘मूल अशक्त आहे, दोन महिन्यांनी आणा’ हे उत्तर. डॉक्टरांचेही चुकत नाही. बाळ दहा आठवड्यांचे, दहा पौंड वजनाचे, आणि रक्तातले हिमोग्लोबिन दहा ग्रॅम, असा दहाचा नियम सर्जन पाळतात. परंतु दोन महिन्यांनी पेरणी आलेली असते, मग कापणी येते, मग मूल चालू लागते, आणि मग ‘आता राहू द्या, मुलगा आहे, मिशीत झाकून जाईल’ असे कोणीतरी शहाणे माणूस सांगते. मुलगी असेल तर तेवढेही म्हणावयाची सोय नाही.

ही कोंडी फोडण्याचा सर्वांत धडाक्याचा प्रयत्न ज्याने केला तो माणूस पंढरपूरचा. डॉ. शरदकुमार दीक्षित यांचा जन्म १९३० चा. ते अमेरिकेत प्लॅस्टिक सर्जन झाले, आणि १९६८ पासून दर वर्षी सुटी काढून भारतात येऊन शिबिरे घेऊ लागले. गावोगावच्या संस्था जाहिरात करीत, धर्मशाळा किंवा शाळा मोकळी करून देत, स्थानिक डॉक्टर भुलीला आणि देखरेखीला उभे राहत, आणि दीक्षित सकाळी जे उभे राहत ते दिवस मावळेपर्यंत. फाटके ओठ, तिरळे डोळे, मिटलेल्या पापण्या, जळल्याचे व्रण. एका शिबिरात शेकडो माणसे. पैसा एक नाही. मोटार अपघाताने त्यांचे अर्धे अंग लुळे झाले, घशाच्या कर्करोगात स्वरयंत्र काढावे लागले, हृदयाने दगा दिला. यानंतर कोणीही मनुष्य स्वस्थ बसला असता. ते बसले नाहीत. गळ्याशी यंत्र धरून बोलत, आणि न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात अगदी साधेपणाने राहून वर्षातले कित्येक महिने इकडे काढीत. पुण्याच्या भारतीय जैन संघटनेने, म्हणजे शांतिलाल मुथ्था यांनी १९८५ साली उभारलेल्या संस्थेने, त्यांच्या शिबिरांची महाराष्ट्रभर जी बांधणी केली तिच्यामुळे ही गोष्ट आडगावांपर्यंत गेली. २०११ च्या नोव्हेंबरात दीक्षित वारले. अमेरिकेतल्या सहकाऱ्यांनी शिबिरे पुढे चालविली.

या शिबिरांनी काय केले, हे शस्त्रक्रियांच्या आकड्याने पुरते कळत नाही. बाजाराच्या दिवशी शेजारच्या वाडीतले पोर ओठ शिवून आलेले लोकांनी प्रत्यक्ष पाहिले. ग्रहणाच्या शापाला आठ टाके पुरतात हे एकदा डोळ्यांनी पाहिल्यावर पुन्हा व्याख्यान द्यावे लागत नाही. वीस-पंचवीस वर्षांची माणसे, लग्ने अडलेल्या मुली, पदर तोंडावर धरून रांगेत उभ्या राहिल्या. आम्ही वर म्हटलेली पंचवीस वर्षे ती हीच.

तरीही शिबिरावर टीका झाली आहे, आणि ती केवळ मत्सराची म्हणून झटकून टाकण्याजोगी नाही. ओठ हे अर्ध्या तासाचे काम असेल; टाळू तसे नाही. तिला चांगली भूल लागते, रक्तस्राव होतो, रात्रभर कोणीतरी जाणते माणूस उशाशी लागते. ती साधारणपणे नऊ महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत शिवली तर मूल बोलावयास शिकते ते सरळ शिकते. उशीर झाला, किंवा ओठ शिवून टाळू तशीच राहिली, तर चेहरा धड आणि बोलणे गेंगाणे, अशी स्थिती होते. हवा नाकावाटे निसटते. म आणि न ही मुळातच नाकातली अक्षरे, ती येतात. प, ब, त, द यांना तोंडात हवा कोंडावी लागते, ती येत नाहीत. मूल बापाला ‘बाबा’ म्हणावयास जाते आणि तोंडातून निघते ‘मामा’. शाळेत यावर जे हशे पिकतात ते ओठाच्या हशांहून कमी नसतात. ‘फाटक्या तोंडाचा’ हा शब्द आपल्या भाषेत वाचाळ माणसासाठी आहे. ज्याचे तोंड खरोखर फाटके, ते मूल मात्र वर्गात तोंडच उघडीत नाही. याखेरीज कानात पाणी साचून ऐकू कमी येणे, दात वाकडेतिकडे येणे, आठ-दहा वर्षांच्या सुमारास हिरडीच्या फटीत हाड भरावे लागणे, ही सारी मालिका आहे. मांडव उतरला की शिबिर जाते; मूल पंधरा वर्षे वाढत राहते.

दुसरी वाट कोणती, तर एका जागी बसण्याची. मुंबईत शिकलेले डॉ. हिरजी आदनवाला हे पारशी सर्जन १९५९ साली केरळात त्रिशूरच्या ज्युबिली मिशन रुग्णालयात गेले आणि आयुष्यभर तेथेच राहिले. आपले गुरू चार्ल्स पिंटो यांच्या नावाने त्यांनी तेथे ओठ-टाळूचे केंद्र काढले. तान्हेपणी ज्यांचा ओठ शिवला ती मुले दाढीमिशा आल्यावर पुन्हा त्यांच्याच पुढे येऊन बसत, आणि आपले काम वीस वर्षांनी कसे दिसते हे सर्जनला स्वतःच पाहावे लागे. दीक्षित आणि आदनवाला यांत थोर कोण, असा वाद घालणाऱ्यांनी खुशाल घालावा. आमचे मत असे की, रांग शिबिराने मोडली. पण रांग पुन्हा लागू नये म्हणून त्रिशूरची रीत हवी. १९९९ मध्ये अमेरिकेत निघालेल्या ‘स्माइल ट्रेन’ या संस्थेने हेच धोरण धरले: परदेशी सर्जन धाडण्यापेक्षा येथल्याच रुग्णालयांना पैसा व शिक्षण द्यावे. मिर्झापूरकडच्या एका खेड्यातील लहान मुलीवरचा ‘स्माइल पिंकी’ हा अनुबोधपट याच कामातून निघाला, आणि २००९ मध्ये त्याला ऑस्कर मिळाले.

सरकारचे पाऊल उशिरा पडले, पण ते महाराष्ट्रातच पडले. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. जन्मतःच्या दोषांची जी यादी त्यात आहे तिच्यात दुभंगलेला ओठ आणि टाळू आहे. मूल इस्पितळात जन्मले तर तेथेच, घरी जन्मले तर आशा कार्यकर्तीने घरी जाऊन, पुढे अंगणवाडीत आणि शाळेत फिरत्या पथकाने तपासावयाचे, आणि दोष आढळला की पुढचा इलाज फुकट, असा हा क्रम. आता बहुतेक बाळंतपणे दवाखान्यात होतात. म्हणजे फडक्याचे टोक ओढणाऱ्या हाताच्या आधी नर्सचा हात बाळापर्यंत पोहोचतो. हा फरक लहान नव्हे. तिने टॉर्च घेऊन बाळाची टाळूही पाहिली पाहिजे, एवढे मात्र खरे. कारण ओठ धड असलेली पण टाळू उघडी असलेली मुले, आणि त्यांत मुली अधिक, अजूनही दूध नाकातून येऊ लागल्यावरच ध्यानात येतात.

राहता राहिले बोलण्याचे काम, आणि ते सर्वांत मागे पडले आहे. टाळू शिवली म्हणजे हवा अडविण्याचे साधन हाती आले. ते वापरावयाचे कसे, हे मुलाला शिकवावे लागते. तोंडापुढे कापसाचा बोळा किंवा कागदाची चिंधी धरून ‘प’ म्हणावयाचे, ती हलली की हवा तोंडातून आली, नाकाखाली आरसा धरून त्यावर वाफ धरते का पाहावयाचे, आठवड्यामागून आठवडे. हे शिकवणारी माणसे शहरांत आहेत आणि तेथेही मोजकी. शिवाय हे शिक्षण मुलाच्या घरच्या भाषेत व्हावे लागते. मावळातल्या मुलाला जे शब्द द्यावयाचे ते देहूरोडच्या तमिळ घरातल्या मुलाला देऊन चालत नाही. त्या मुलांच्या आया एकाच लोकलने पुण्याला जातात, एका दिवसाची मजुरी दोघींचीही बुडते, आणि चार-सहा फेऱ्यांनंतर दोघींचेही जाणे थांबते. ओठ शिवला आहे, टाळू शिवली आहे, दाखल्यावर ‘इलाज पूर्ण’ असा शेरा आहे, आणि घरी पोर अजून बापाला मामा म्हणते.